लहान मुलाच्या किमोची दोन वर्षे: घरी काय करायचे, कधी आणि कोणत्या क्रमाने

लहान मुलाच्या फाइलवर 'ए.एल.एल.' म्हणजे रक्ताचा कर्करोग असे निदान लिहिले गेले, की पुढची दोन ते अडीच वर्षे उपचारांत जातात. त्यातले भरती असण्याचे दिवस थोडे. बाकीचा सगळा काळ मूल घरी, भाड्याच्या खोलीत नाहीतर धर्मशाळेत आईवडिलांच्या हाताखाली असते, आणि जिवावर बेतणाऱ्या चुका तिथेच होतात.

त्या चुका तीन. ताप आल्यावर 'सकाळी बघू' म्हणत रात्र काढणे. आठवड्यातून एकदा द्यायची गोळी रोज देणे. आणि मूल खेळायला लागले, केस परत आले की उपचार सोडून गावी जाणे. आमच्या मुलीच्या उपचारांच्या काळात वॉर्डातल्या कितीतरी कुटुंबांकडून यातले काही ना काही होताना पाहिले, आणि दर वेळी कारण एकच होते: योग्य वेळी कोणी नीट सांगितलेले नव्हते.

पुढचा क्रम ए.एल.एल. डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. मुलाला दुसरा कर्करोग असेल आणि किमो चालू असेल, तरी ताप, जेवण आणि संसर्ग यांबद्दलचे बहुतेक सगळे तसेच लागू पडते. तुमच्या डॉक्टरांनी एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर त्यांचेच ऐका.

## टप्पा १: पहिला आठवडा – कागद, पैसा, मुक्काम

निदान कळल्यावर 'एकदा गावी जाऊन सगळ्यांना विचारून येतो' असे मनात येते. जाऊ नका. हा आजार आठवड्यागणिक नाही, दिवसागणिक वाढतो. घरच्यांशी फोनवर बोला, पण मूल रुग्णालयातच राहू द्या.

कामे या क्रमाने करा.

१. फाइल. सगळे मूळ कागद एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावा. प्रत्येक कागदाचा फोटो आई आणि बाबा दोघांच्याही फोनमध्ये हवा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत पाच गोष्टी लिहा: मुलाचे नाव, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, निदान, रक्तगट, वॉर्डाचा फोन. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरांसमोर हेच पान उघडावे लागते.

२. योजना. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तिथे 'आरोग्यमित्र' बसतात. रेशनकार्ड, आईवडिलांचे आणि मुलाचे आधार, जन्मदाखला घेऊन पहिल्याच दिवशी त्यांना गाठा. योजना रोकडरहित आहे, म्हणून मंजुरी आधी आणि उपचार नंतर असा क्रम लागतो. खिशातून बिल भरून नंतर योजनेकडे गेलात तर पैसे परत मिळतील असे धरून चालू नका. लहान मुलांच्या बाबतीत हमखास अडते ते रेशनकार्डावर. त्यावर बाळाचे नाव चढवायचे राहूनच गेलेले असते. तसे असेल तर लपवू नका, आरोग्यमित्राला विचारून त्याच दिवशी गावाकडच्या माणसाला तहसीलच्या कामाला लावा.

मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज वेगळा करता येतो. मोठी खासगी रुग्णालये धर्मादाय न्यासाची असतील तर त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन स्पष्ट विचारा. मदत मागायला संकोच वाटतो, हे मी समजू शकते. पण पहिल्या महिन्यात शेत किंवा दागिने विकून मोकळे झालेल्या घरांची खरी अडचण दुसऱ्या वर्षी होते, तेव्हा सगळ्यात आधी हे दरवाजे ठोठावा.

३. मुक्काम आणि प्रवास. मुंबईत उपचार असतील तर परळला नाना पालकर स्मृती समिती, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा, आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स आहेत. यांतल्या बऱ्याच ठिकाणी रुग्णालयाच्या समाजसेवकाची चिठ्ठी लागते, म्हणून आधी त्यांना भेटा. रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित डब्यात पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठीचा ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयातूनच भरून घ्या.

४. रक्तदाते. पहिल्या महिन्यात रक्त आणि प्लेटलेट अनेकदा लागतात. प्लेटलेट पाचेक दिवसच टिकतात, म्हणून सगळ्या मित्रांना एकाच दिवशी बोलावून उपयोग नाही. नावांची यादी करा आणि त्यांना पाळीने बोलवा.

> इशारा: आईवडील, सख्खी भावंडे, काका-मामा यांचे रक्त मुलाला थेट चढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. जवळच्या नात्यातले रक्त काही वेळा अपाय करते, आणि पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची वेळ आली तर अडचण होते.

मुंबईतच सगळे करायला हवे असेही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल आणि वाडिया रुग्णालयांबरोबरच खारघरचे ॲक्ट्रेक (टाटाचेच केंद्र), नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय ही ठिकाणे आहेत. उपचारांची आखणी मोठ्या केंद्रात झाली की 'यातला कोणता भाग आमच्या जवळ होऊ शकेल?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

## टप्पा २: मूल घरी येण्याआधी घराची तयारी

मूल घरी येण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत एवढे जागेवर हवे:

- दोन डिजिटल थर्मामीटर. एक घरात, एक पिशवीत. पाऱ्याचा नको.
- तयार पिशवी. फाइलच्या प्रती, दोन जोडी कपडे, चादर, पाण्याची बाटली, चार्जर, रोख पैसे. ती दाराजवळ ठेवायची आणि इतर कामाला वापरायची नाही.
- रात्री-अपरात्री येईल अशा दोन गाडीवाल्यांचे नंबर, आणि १०८.
- हात धुवायला साबण दाराशीच. बाहेरून आलेला प्रत्येक जण आधी हात धुईल, मग मुलाजवळ जाईल. आजोबासुद्धा.

घराला रंग देणे, फरशी फोडणे, पोटमाळा झाडणे हे सगळे थांबवा. जुन्या धुळीत आणि ओल्या भिंतींत बुरशीचे कण असतात आणि किमोने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या मुलाच्या फुप्फुसात ते रुजतात. खोलीतल्या कुंड्या बाहेर काढा. तुळस अंगणात किंवा गॅलरीत राहू द्या, माती मुलाने हाताळायची नाही.

बघायला येणाऱ्यांचा प्रश्न अवघड असतो, कारण लोक मायेने येतात. घरातल्या एका माणसाला, शक्यतो आत्या किंवा काका अशा ठाम बोलणाऱ्याला, हे काम नेमून द्या. सगळ्यांचे फोन तोच घेईल, कोणाला सर्दी-खोकला आहे हे विचारेल, आणि 'बाळ बरे झाले की या' असे सांगेल. आईला दिवसातून वीस वेळा तीच हकिगत सांगायला लागू नये.

किमोनंतर साधारण ४८ तास मुलाच्या लघवीत, शौचात आणि उलटीत औषधाचा अंश असतो. लंगोट बदलताना, उलटी पुसताना हातमोजे घाला, ते कपडे वेगळे धुवा. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिच्याकडे देऊ नका.

## टप्पा ३: ताप

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

किमोने कर्करोगाच्या पेशींबरोबर संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी बहुधा किमोनंतर सात ते चौदा दिवसांत सर्वांत खाली जातात. अशा वेळी जंतू रक्तात शिरले तर अनेकदा ताप हीच एकमेव खूण असते. पू होत नाही, सूज येत नाही, कारण त्या करणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. संध्याकाळी अंग कोमट लागलेले मूल पहाटेपर्यंत अत्यवस्थ होऊ शकते.

आधी हा हिशेब शिका. रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर १,२०० चे ३० टक्के म्हणजे ३६०. हा आकडा ५०० च्या खाली असेल तर मूल धोक्याच्या पट्ट्यात आहे. प्रत्येक रिपोर्टनंतर तो काढून भिंतीवर लिहा. आजीलाही दिसेल असा.

मग तापाचा क्रम:

१. आधी मोजा, मग औषधाचा विचार. अंग गरम वाटले, मूल मलूल वाटले, की काखेत थर्मामीटर लावा. हाताने अंदाज नको. गुदद्वारात थर्मामीटर कधीही नको, तिथे इजा झाली की जंतू थेट रक्तात जातात.

२. आकडा आणि वेळ लिहा. १००.४ किंवा जास्त दिसला की लगेच वॉर्डाला फोन. एकदाही १०१ दिसला तर फोन लागो न लागो, निघायचे. १००.४ तासभर टिकला तरी निघायचे. तुमच्या रुग्णालयाने याहून कमी आकडा दिला असेल तर तो धरा.

३. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका. त्याने आकडा खाली येतो, संसर्ग तसाच राहतो आणि घरचे निश्चिंत होऊन झोपतात. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन तर किमोच्या काळात घरात ठेवूच नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

४. पिशवी उचला आणि निघा. पहाटेची वाट बघू नका, ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका.

५. कॅज्युअल्टीत पोचल्यावर रांगेत उभे राहू नका. थेट सांगा: 'मुलाची किमो चालू आहे, पेशी कमी आहेत, ताप आहे.' पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. अर्धा तास झाला आणि कोणी पाहिले नाही, तर पुन्हा जाऊन सांगा. इथे भीड धरू नका.

गाव मोठ्या रुग्णालयापासून दूर असेल तर यातली निम्मी तयारी आधीच करावी लागते. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून एक पत्र लिहून घ्या: ताप आल्यास कोणत्या तपासण्या, कोणते अँटिबायोटिक, किती मात्रा. ते पत्र घेऊन ताप नसतानाच जिल्ह्याच्या ठिकाणच्या बालरोगतज्ज्ञांना भेटून या. म्हणजे त्या रात्री पहिला डोस जवळ मिळेल, आणि मग रुग्णवाहिकेतून पुढे जाता येईल. हिंगोलीहून किंवा गडचिरोलीहून डोस न घेता थेट मुंबईची गाडी पकडणे म्हणजे मोलाचे तास प्रवासात घालवणे.

> इशारा: गावातल्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शन घेऊ नका. प्लेटलेट कमी असताना स्नायूत मोठा रक्तस्राव होऊ शकतो. 'एक सलाइन लावतो, उतरेल' यावरही थांबू नका.

> तपासा: तापाशिवायही निघायची कारणे आहेत. हुडहुडी भरणे, हातपाय गार पडणे, श्वास जोरात चालणे, सुस्ती, लघवी कमी होणे. स्टिरॉइड चालू असताना ताप दबलेला राहतो, तेव्हा या खुणा जास्त जपून पाहा. औषधासाठी छातीत किंवा दंडात बसवलेल्या नळीभोवती लाली, दुखणे, सूज असेल तर त्याच दिवशी दाखवा.

रक्तस्रावाचेही इथेच सांगते. नाकातून रक्त आले तर मुलाला बसवा, किंचित पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे न सोडता दाबून धरा. थांबले नाही, अंगावर लाल टिपके उठले, किंवा मूल डोक्यावर पडले तर रुग्णालय.

## टप्पा ४: गोळ्या

पहिल्या काही महिन्यांची जोरदार किमो संपली की 'मेंटेनन्स' सुरू होतो. यात साधारणपणे ६-मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, आणि न्यूमोनियापासून बचावासाठी कोट्रायमोक्साझोल आठवड्यातले ठरावीक दिवस असते. तीन औषधांचे तीन वेगळे क्रम आहेत, म्हणून गोंधळ होतो.

१. मेथोट्रेक्सेटसाठी एक वार ठरवा आणि तो डॉक्टरांकडून चिठ्ठीवर अक्षरात लिहून घ्या. समजा शुक्रवार. मग कालनिर्णयवरच्या सगळ्या शुक्रवारांना लाल गोल करा.

२. मेथोट्रेक्सेटची बाटली किंवा पट्टी वेगळ्या डब्यात ठेवा आणि त्यावर 'फक्त शुक्रवार' अशी चिठ्ठी चिकटवा. ही गोळी रोज दिली गेली तर तोंड सोलवटते, पेशी कोसळतात, मूल दगावू शकते. चूक लक्षात आली तर पुढच्या डोसाची वाट न बघता त्याच क्षणी रुग्णालयात जा.

३. रोजची गोळी रोज एकाच वेळी, शक्यतो रात्री झोपताना. दिल्यावर तारखेवर टिक करा. टिक करणारा माणूस एकच असावा. आई आणि आजी दोघी देत असतील तर एक दिवस दोनदा दिली जाते आणि एक दिवस कोणीच देत नाही.

४. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. गोळी दिल्यावर उलटी झाली तर स्वतःहून पुन्हा देण्याआधी फोन करा.

५. अर्धी गोळी करायची तर वेगळा कटर आणि हातमोजे वापरा. स्वयंपाकघरातला खलबत्ता वापरायचा नाही.

डॉक्टर रक्ताच्या रिपोर्टप्रमाणे मात्रा बदलतात, तेव्हा जुनी चिठ्ठी फाइलमध्ये आडवी रेघ मारून ठेवा. औषध दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर मिलिग्रॅम वाचा. पन्नासच्या जागी दुसरी ताकद आली तर 'एक गोळी' या शब्दाचा अर्थच बदलतो.

रोजच्या गोळीचे शंभरातले पाचाहून जास्त डोस चुकले तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. महिन्यात दोन चुकले तरी तुम्ही त्या रेषेपलीकडे गेलात. लग्नकार्य असो, जत्रा असो, गोळ्यांचा डबा सोबत हवा.

## टप्पा ५: जेवण, तोंड आणि पोट

नियम सोपा: ताजे, पूर्ण शिजलेले, गरम, घरचे. मऊ वरणभात, खिमट, नाचणीची पेज, थालीपीठ, पूर्ण उकडलेले अंडे. पाणी उकळून गार केलेले, दूध उकळलेले. फळ घरी धुऊन, साल काढून लगेच खायला द्यायचे. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, कापून ठेवलेले फळ, बर्फाचा गोळा, उसाचा रस पेशी सावरेपर्यंत बंद.

गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा रस, गोमूत्र, कुठल्यातरी गावचा काढा हे सगळे कोणी ना कोणी घेऊन येतेच. कच्च्या रसातून जंतू जातात, काढ्याने यकृतावर ताण येतो आणि मग किमो थांबवावी लागते. आणणाऱ्याचे मन मोडू नका, वस्तू घ्या आणि बाजूला ठेवा. अंगारा कपाळाला लावा, पोटात देऊ नका.

स्टिरॉइडच्या आठवड्यांत मूल रात्री तीन वाजता उठून भात मागते, चिडते, चेहरा गोल होतो. हे औषधामुळे आहे आणि ते जाते. अशा वेळी पापड, लोणचे, फरसाण आणि गोड हाताशी ठेवू नका, पण मुलाला उपाशीही ठेवू नका. मीठ कमी असलेली खिचडी तयार ठेवा.

व्हिन्क्रिस्टीन या किमोच्या औषधाने बद्धकोष्ठ होते. दोन दिवस शौचाला झाले नाही तर डॉक्टरांना सांगून पातळ औषध घ्या. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायची गोळी घरी कधीच नको. पाय ओढत चालणे, जबडा दुखणे हेही याच औषधाने होते, तेही सांगा. ॲस्पॅराजिनेज या दुसऱ्या किमोच्या औषधाच्या दिवसांत पोटात जोराची कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर ती अपचनाची कळ समजू नका. स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. लगेच निघा.

तोंडासाठी मऊ ब्रश आणि प्रत्येक खाण्यानंतर चूळ.

## टप्पा ६: कांजिण्या, गोवर आणि पोलिओचे डोस

किमो चालू असलेल्या मुलाला जिवंत विषाणूची कोणतीही लस द्यायची नाही: गोवर-रुबेला, कांजिण्या, तोंडाने द्यायचा पोलिओ. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर नाही नेले तर पुढचे दिवस कार्यकर्ते घरी येतात आणि दारातच दोन थेंब देऊन बोटाला शाई लावतात. म्हणून आधीच आशाताईंना सांगून ठेवा. घरातल्या भावंडांनाही तोंडाचा डोस नको, कारण तो विषाणू त्यांच्या शौचातून पसरतो. त्यांना इंजेक्शनचा पोलिओ द्या. भावंडांच्या बाकीच्या लसी मात्र वेळेवर झाल्याच पाहिजेत, कारण त्या या मुलालाच वाचवतात.

आपल्याकडे घरात कांजिण्या आल्या की 'देवी आल्या' म्हणून गुपचूप कडुलिंबाचा पाला ठेवतात आणि शेजाऱ्यांना कळवत नाहीत. चाळीत, वाडीत, अंगणवाडीत स्वतः जाऊन सांगा: 'कोणाकडे आल्या तर रागावणार नाही, फक्त आम्हाला कळवा.' मूल अशा रुग्णाबरोबर एका खोलीत होते असे कळले तर फोड यायची वाट बघू नका. त्याच दिवशी फोन करा. बचावाचे औषध पहिल्या काही दिवसांतच काम करते.

## टप्पा ७: मुलाशी आणि भावंडांशी बोलणे

तीन-चार वर्षांच्या मुलाला वाटते की मी हट्ट केला म्हणून मला टोचतात. हे एकदा नाही, अनेकदा खोडून काढावे लागते. 'टोचणार नाहीत' असे खोटे सांगू नका, एकदा विश्वास गेला की पुढच्या प्रत्येक वेळी चौघांनी धरावे लागते. 'टोचेल, तू दहा म्हणेपर्यंत संपेल, मी हात धरून बसेन' असे सांगा. सुई टोचायच्या जागेवर तासभर आधी लावायचे बधिर करणारे मलम मिळते. वॉर्डात ते मागून घ्या. कोणता हात, कोणते खेळणे सोबत, एवढे तरी मुलाला ठरवू द्या.

गावी आजीकडे ठेवलेल्या भावंडाला कोणी काही सांगत नाही, आणि तेच मूल सगळ्यात जास्त घाबरलेले असते. त्याला सांगा: हा आजार लागत नाही, तुमच्या भांडणामुळे झालेला नाही, आई परत येणार आहे. रोज ठरलेल्या वेळी फोन करा, दोनच मिनिटे का होईना.

आई रुग्णालयात आणि बाबा कामावर अशी विभागणी महिनोन्महिने चालली की दोघेही एकटे पडतात. शक्य असेल तर महिन्यातून एक रात्र जागा बदला. बाबांनाही नळी सांभाळता आणि गोळ्या देता आल्या पाहिजेत.

## टप्पा ८: 'आता बरा दिसतोय' हा काळ

साधारण पहिल्या महिन्याअखेर अस्थिमज्जा तपासतात आणि अनेक मुलांमध्ये 'आजार दिसत नाही' असा रिपोर्ट येतो. तो आनंद खरा आहे. पण सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या पेशी अजून असतात आणि पुढची सगळी किमो त्यांच्यासाठी आहे. इथे उपचार सोडले तर आजार परततो, आणि परतलेला आजार पहिल्यापेक्षा कठीण असतो.

सोडण्यामागे बहुधा पैसा, पेरणी-कापणी किंवा भाड्याची खोली हे कारण असते, बेफिकिरी नसते. म्हणून न येण्याचा विचार मनात आला की आधी समाजसेवकाला फोन करा. तारीख पुढेमागे होऊ शकते, राहायची सोय होऊ शकते, तपासणी जवळ होऊ शकते. हे मी आवर्जून सांगते, कारण एका फोनने सुटणाऱ्या अडचणीपायी मूल उपचारांबाहेर जाऊ नये.

मेंटेनन्समध्ये पेशी बऱ्या असतील तर डॉक्टरांना विचारून शाळेत किंवा बालवाडीत पाठवा. बाईंना दोन गोष्टी सांगा: वर्गात कांजिण्या-गोवर असेल तर त्याच दिवशी कळवायचे, आणि ताप वाटला तर गोळी न देता फोन करायचा.

शेवटची गोळी झाल्यावरही तपासण्या चालू राहतात, सुरुवातीला वरचेवर, मग अंतर वाढत जाते. काही औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून इकोची तारीख विचारून घ्या. राहिलेल्या लसी साधारण सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू होतात. उपचार संपल्याचा सारांश, ज्यात प्रत्येक औषधाचे नाव आणि एकूण मात्रा असेल, लेखी मागून घ्या आणि फाइल टाकू नका. ती मुलाला मोठेपणीही लागेल.